बारव, नारू आणि फडक्याची घडी

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात वालूर हे गाव आहे. तेथील जुन्या बारवेच्या पायऱ्या सरळ रांगेत नाहीत. शंखाच्या वळणासारख्या गोल फिरत त्या पाण्याकडे उतरतात. अलीकडच्या काळात गावकऱ्यांनी श्रमदानाने तिच्यातील गाळ व कचरा काढला, आणि आता ती पाहायला लांबून लोक येतात. आम्ही काठावर उभे होतो तेव्हा मनात एकच प्रश्न आला : इतकी चांगली सोय होती, तर लोकांनी ती सोडली कशी? 'आपण पूर्वजांचे ज्ञान विसरलो' असे उत्तर सहज दिले जाते. ते अर्धेच खरे आहे.

प्रथम बारवेमागचे विज्ञान पाहू. मराठवाडा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर, म्हणजे बेसॉल्टवर वसला आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते, व तेथून हळूहळू झिरपते. म्हणून येथील विहीर रुंद हवी. रात्रभर झिरपलेले पाणी तिच्यात साठून सकाळी उपसता येते. शिवाय श्रावणात वर आलेले पाणी वैशाखात तळाला जाते. पायऱ्या असल्या की पाणी कोठेही असो, घागर घेऊन तेथवर पोचता येते. दोर नको, रहाट नको. उन्हाळ्यात तळाशी उतरून गाळही काढता येतो. बिघडेल असे यंत्रच यात नाही.

या पाण्यावर घर चाले. डोक्यावरून आणलेल्या पाण्याचा हिशेब घरातील बाईला पक्का ठाऊक असे. पिण्याचे पाणी रांजणात, भांडी राखेने घासलेली, आणि न्हाणीचे पाणी परसातल्या अळूला व केळीला. सांडपाणी वाया घालवणे परवडणारेच नव्हते.

मात्र याच पायऱ्यांनी एक रोगही घरोघर नेला. तो म्हणजे नारू. नारूच्या रोग्याच्या पायाला फोड येतो व त्यातून हातभर लांबीचा, कधी त्याहून लांब, जंत बाहेर पडू लागतो. आग शमवण्यासाठी किंवा पाणी भरण्यासाठी रोगी पाण्यात पाय बुडवतो, आणि त्याच क्षणी हजारो अळ्या पाण्यात सुटतात. सायक्लॉप्स नावाचा जेमतेम दिसणारा जलचर त्या खातो. असे पाणी जो पितो, त्याच्या शरीरात वर्षभराने नवा जंत तयार होतो. या रोगावर ना लस होती, ना औषध.

उपाय मात्र साधा होता. सायक्लॉप्स दाट विणीच्या फडक्यातून पार होत नाही. घागरीच्या तोंडावर फडक्याची घडी धरून पाणी गाळले की रोगाची साखळी घरातच तुटते. १९८३-८४ साली नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पाणी गाळणे, रोग्याला पाण्यात उतरू न देणे, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून पाणी वरून ओढण्याची सोय करणे आणि हातपंप बसवणे ही कामे त्यात झाली. देशातील शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला. २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर झाले. बारवेकडे पाठ फिरण्यामागे असेही एक शहाणपणाचे कारण होते.

मग हातपंपाने प्रश्न सुटला का? लगेच नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे महाराष्ट्रात विंधनविहिरी झपाट्याने खोदल्या गेल्या. त्यांवर बसवलेले बिडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी बेतलेले होते. अख्खे गाव दिवसभर दांडा मारू लागताच सांधे झिजले. १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहणीत बहुसंख्य पंप बंद आढळले. यावर तोडगा निघाला तो आपल्याच भागात. जालन्यात विंधनविहिरी खोदणाऱ्या एका पथकाने मजबूत पोलादी पंप घडवला. सोलापुरात त्याच्या दांड्याची रचना आणखी सुधारली. त्यावरूनच पुढे 'इंडिया मार्क टू' तयार झाला व अनेक देशांत गेला. त्यातही उणीव होती : साधी झडप बदलायची तरी सगळे पाइप वर ओढावे लागत व तालुक्याच्या मिस्त्रीची वाट पाहावी लागे. ही अडचण कमी करण्यासाठी १९८० च्या दशकात 'मार्क थ्री' आला.

बारव गावाला दुरुस्त करता येत होती, पण तिचे पाणी निर्धोक नव्हते. पंपाचे पाणी त्या मानाने निर्धोक होते, पण पंप गावाला दुरुस्त करता येत नव्हता. फडक्याची घडी दोन्ही कसोट्यांना उतरली. घरातील कोणतेही साधन जुने आहे की नवे, यापेक्षा या दोन कसोट्या लावून पाहणे अधिक उपयोगाचे.

वर्गात एक हिशेब जरूर करावा. छत ३० चौरस मीटर, पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटर धरू. छतावर २१,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी १६,८०० लिटर उरते. पाच माणसांना पिण्यास व स्वयंपाकास रोज ५० लिटर लागले, तर पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांना १२,००० लिटर पुरतात. त्यासाठी टाकी हवी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व २ मीटर खोल. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे, टाकी झाकलेली असावी आणि पिण्याचे पाणी गाळून उकळावे.

त्यानंतर विद्यार्थ्यांना विचारावे : ही टाकी दरवर्षी उन्हाळ्यात कोण साफ करणार? वालूरच्या बारवेत गाळ साचला तो या प्रश्नाला उत्तर उरले नाही म्हणून, आणि तो निघाला तो गावाने पुन्हा उत्तर दिले म्हणून.