गौर झोपाळ्यात, आत्या स्वयंपाकघरात

आधी वय ठरवू. तू पुरुष असशील तर आहेस त्या वयात इथे शिरकाव नाही. बाई असशील तर कुणाची कोण, माहेर कुठलं, मुलं किती, एवढी चौकशी दिंडीदरवाज्यातच होईल. म्हणून तुला आठ वर्षांचा मुलगा करतो. एवढ्या पोराला बायकांच्या घोळक्यात कोणी हटकत नाही आणि त्याच्यासमोर कोणी आवाजही खाली आणत नाही.

साल 1895, शके 1817. पुण्याची सदाशिव पेठ, दोन चौकांचा वाडा. महिना चैत्र, वार शुक्रवार, उन्हं कलत आलेली, संध्याकाळी घरात चैत्रगौरीचं हळदकुंकू. तुझ्या डोक्याला घेरा आणि शेंडी आहे, अंगात बंडी आहे, आणि तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कैरीची साल चघळतो आहेस.

पाट्यावर आत्या डाळ वाटते आहे. हरभऱ्याची डाळ सकाळीच भिजत घातली होती. आता ती भरड वाटायची. फार बारीक झाली तर गिळगिळीत लागते, जाड राहिली तर दाताखाली कच्ची. आत्याला ते वरवंट्याच्या आवाजावरून कळतं. मग किसलेली कैरी, मिरची, मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं आणि वर मोहरी-हिंगाची फोडणी. फोडणी पडली की तुझ्या तोंडाला पाणी सुटतं, पण नैवेद्याआधी बोट लावायचं नाही. बाजूच्या पातेल्यात पन्ह्याचा गर: उकडलेली कैरी, गूळ, वेलदोडा.

कैऱ्या मंडईतल्या. शुक्रवार पेठेतली मंडईची ती उंच दगडी इमारत उठून नऊ वर्षंच झाली आहेत आणि लोक तिला रे साहेबाच्या नावाने ओळखतात. (नगरपालिकेत तिच्या खर्चाला विरोध केला होता जोतीराव फुल्यांनी. पुढे इमारतीला नाव त्यांचंच मिळेल. पण ते तुला आत्ता ठाऊक असायचं कारण नाही.)

आत्याच्या अंगावर आलवण आहे, डोकं पदराखाली, आणि पदराखाली केस नाहीत. तुला ती म्हातारी वाटते. तिचं वय तेवीस आहे. वपन झालं म्हणून तिच्या हातचा नैवेद्य गौरीला चालतो. ती स्वतः मात्र समोर चालत नाही. वाड्यातल्या कुणालाही यात विसंगत काही दिसत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीतली विधवा यमू याच शहरात ‘करमणूक’मध्ये छापून आली, घराघरांत वाचली गेली. वाचून डोळे पुसणाऱ्यांच्या माजघरांतही अजून हेच चालू आहे.

“जा, बघून ये,” आत्या म्हणते. “कमळं कलंडली तर नाहीत ना?”

तू पळत माजघरात जातोस.

आरास आज आईने आणि आजीने केली आहे. पाटांवर पाट चढवून केलेल्या पायऱ्या, त्यांवर आजीचा जुना पैठणी शेला. खालच्या पायरीवर कलिंगडं कातरून केलेली कमळं, मध्ये लाडू-करंज्यांची ताटं, पुढे बत्तासे, गुलाबदाणी, अत्तरदाणी. आणि सगळ्यात वर पितळी झोपाळ्यात गौर. तुझ्या अंगठ्याहून थोडीच मोठी. हातात पळी धरलेली ही अन्नपूर्णा आईने लग्नात माहेराहून आणली. चैत्र शुद्ध तृतीयेला ती देव्हाऱ्यातून उठून झोपाळ्यात बसली, आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत झोके घेणार. माहेरी आली आहे ती, असं म्हणतात. महिनाभर तिने काही करायचं नाही. आई मात्र पहाटेपासून उभी आहे.

तिथून बाहेर अंगणात डोकाव, कारण खरी बघण्याची गोष्ट तिथे आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आजीने शिरगोळ्याच्या पांढऱ्या पुडीने चैत्रांगण रेखलं आहे. मधोमध झोपाळ्यातली गौर. तिच्या भोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, मोर, नारळाचं झाड, आणि त्याच रांगेत करंडा, फणी, आरसा, मंगळसूत्र. चिन्हं किती असावीत याबद्दल कुणी 51 म्हणतं, कुणी 64. आजी मोजत नाही. मला विचारशील तर या वाड्यातली सगळ्यात वाचनीय गोष्ट हीच. आजीला अक्षर येत नाही, पण सूर्य आणि फणी एकाच मापाची काढायची, हे तिचं तिनेच ठरवलं आहे. पुरुषांच्या पोथीत हे दोन शेजारी बसले नसते.

दिवेलागण झाली. लामणदिवा, समया, दारात कंदील. बायका येऊ लागतात.

तुझ्या उंचीवरून तुला दिसतात ती जोडवी, नऊवारीचे काठ आणि ओचे. चेहरे वर कुठेतरी आहेत. मोगऱ्याचे गजरे एवढे की कैरीचा वास हरतो. आई एकेकीला हळदकुंकू लावते, अत्तराचं बोट फिरवते, गुलाबपाणी शिंपडते. मग हातांवर चंदनाचं गंध, आणि ते ओलं असतानाच त्यावर शिंपल्याने ओढलेली नक्षी. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली जाते. दोन-चार दाणे नेहमीच खाली सांडतात आणि ते तुझे. नव्या सुनेला सगळ्या मिळून नाव घ्यायला लावतात. ती आधी नाही नाही म्हणते, मग एका दमात घेऊन टाकते, आणि माजघर हसण्याने भरून जातं.

या सणाची हुशारी अशी की त्याला एकच दिवस नाही. महिनाभरात ज्या घराला जो दिवस सोयीचा तो. सोयीने निवडतात पण मंगळवार-शुक्रवारच बहुधा. त्यामुळे आज इथे, मंगळवारी पलीकडच्या वाड्यात, मग बोळात. एरवी ज्यांना सांजवेळी दाराबाहेर पडायला सतरा कारणं द्यावी लागतात, त्या महिनाभर गल्लीतून राजरोस फिरतात. गणपती गेल्या दोनेक वर्षांत मांडवात आला, मिरवणुकीत गेला, वर्तमानपत्रांत गाजला. गौर मात्र माजघरातच राहिली. माझ्या मते तिचं त्यात काही बिघडलं नाही. इथे भाषण कोणी करत नाही, बोलतात मात्र सगळ्या.

काय बोलतात? कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा मुलगा मॅट्रिकला बसला, हुजूरपागेत मुलगी घालावी की नाही. आणि आवाज न उतरवता, तुझ्यादेखत: दोन वर्षांपूर्वी कॉलेजातल्या त्या कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातली ती. “देवा!” म्हणत एकजण कानावर हात ठेवते. दुसरी पन्ह्याचा पेला तोंडाला लावते आणि तो बराच वेळ खाली ठेवत नाही.

तू डाळीची वाटी घेऊन स्वयंपाकघरात पळतोस. आत्या अंधाऱ्या कोपऱ्यात, फळीला टेकून. फळीपलीकडे माजघर आहे. शब्द नीट ऐकू येत नाहीत, हसणं तेवढं येतं.

“कोण कोण आलंय?”

तू सांगतोस. काठांच्या रंगांवरून सांगतोस, कारण तुला तेवढेच दिसले. हिरवा काठ, लाल काठ, जरीचा मोठा मोर असलेला. आत्या प्रत्येक काठाला नाव देते. एकही चुकत नाही.

“नाव कुणी घेतलं? कसं घेतलं?” तू अर्धवट सांगतोस. ती हसते, उरलेलं स्वतः जुळवते. मग कर्व्यांचं सांगतोस, कारण आठ वर्षांच्या पोराच्या पोटात काही राहत नाही. आत्या काही बोलत नाही. सांडलेली मोहरी बोटाने टिपत राहते.

“डाळ कशी झालीय? मीठ बरोबर आहे ना?”

तेव्हा तुझ्या लक्षात येतं की तिने ती चाखलेली नाही. नैवेद्याआधी चाखता येत नव्हती, आणि नैवेद्यानंतर रात्र झाली. सोवळ्या बाईचं जेवण एकदाच, दुपारी.

“बरोबर आहे,” तू म्हणतोस.

“खरं सांग.”

“थोडं कमी आहे.”

“वाटलंच मला,” ती म्हणते, आणि उद्याच्या हिशेबाला लागते.

बाहेर बायका निघाल्या. मंगळवारी संध्याकाळी पलीकडच्या वाड्यात बोलावणं आहे. आईपुढे कंदील धरून तुलाच जायचंय, आणि तिथली डाळ कशी होती, कमळं किती होती, हिरवा काठ आला होता की नाही, हे परत येऊन सांगायचं तू कबूल केलं आहेस.