मिटलेल्या डोळ्यांची घड्याळे

नंदिनी नगर ही भिलईच्या पोलाद कारखान्यास चुनखडी पुरविणाऱ्या खाणीची वसाहत. नोकरीच्या निमित्ताने आम्ही काही मराठी कुटुंबे या बाजूस येऊन स्थिरावलो आहोत. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुर्ग जिल्हा टाळेबंदीत होता आणि भिलईच्या कारखान्यातील द्रवरूप प्राणवायू रुग्णालयांकडे रवाना होत होता. जेथे प्राणवायू टनांनी निपजत होता, तेथेच माणसाच्या रक्तात तो किती उरला आहे हे सांगणारे बोटाएवढे यंत्र मात्र मिळेनासे झाले होते. आमच्या ओळीतील चार घरांत मिळून एकच ऑक्सिमीटर. सकाळ-संध्याकाळ तो कुंपणावरून या हातातून त्या हातात जाई. आकडा ९४ च्या खाली उतरला की इस्पितळ गाठावयाचे, एवढे सर्वांना पाठ झाले होते.

शेजारच्या काकांच्या मनगटावर मुलाने पाठविलेले महागडे घड्याळ होते. त्याच्या पाठीशी दिवे लुकलुकत, नाडीचे ठोके ते सांगे. प्राणवायूविषयी मात्र मौन. एका रात्री काकूंना धाप लागली, तेव्हा ऑक्सिमीटर तिसऱ्या घरी होता. आकडा कळेपर्यंत अर्धा तास गेला. काकू पुढे बऱ्या झाल्या; पण घड्याळाकडे पाहून काका जे बोलले ते माझ्या मनातून गेले नाही : "दिवा आहे, पण उजेड नाही."

हा उजेड कोठून आला आणि कोठे अडला, याचा इतिहास मनोरंजक आहे. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली या मापनाचे तत्त्व मांडले. प्राणवायूने भरलेले रक्त आणि त्याला मुकलेले रक्त लाल व अवरक्त प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेते. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी बदलणारा भाग वेगळा काढला, की त्वचेला टोचल्यावाचून रक्तातील प्राणवायूचा अंदाज बांधता येतो. पुढे हे यंत्र शस्त्रक्रियागृहाचा अविभाज्य भाग झाले. करोनाच्या साथीने ते घरोघर पोहोचविले. आणि त्याच साथीच्या पहिल्या वसंतात, एप्रिल २०२० मध्ये, आओयागी निवर्तले.

दरम्यान ही विद्या मनगटापर्यंत आली होती. २०१५ साली अ‍ॅपलचे पहिले घड्याळ बाजारात येताच आयफिक्सिट या मंडळींनी ते उघडून पाहिले. नाडी मोजणारी ही रचना प्राणवायूही मोजू शकेल अशी दिसते. परंतु कंपनी त्याविषयी काही बोलत नाही, आणि याचे कारण बहुधा औषध प्रशासनाचे नियम असावेत, असा त्यांचा तर्क होता. फिटबिटची गोष्ट तर तर्काचीही नाही. २०१७ च्या आयोनिक घड्याळात प्राणवायूचा संवेदक आहे असे कंपनीने स्वतःच जाहीर केले. तो जागा झाला जानेवारी २०२० मध्ये. ग्राहकाने पैसे मोजले आणि दोन वर्षांहून अधिक काळ झोपलेला पहारेकरी मनगटावर वागविला! आपल्याकडे म्हणतात ते खरे : असून अडचण, नसून खोळंबा.

भारतीय ग्राहकाचा अनुभवही असाच आहे. २०१८ च्या शरदात अ‍ॅपलने ईसीजी काढणारे घड्याळ आणले. अमेरिकेत ही सोय त्याच डिसेंबरात सुरू झाली. तेच घड्याळ, त्याच धातूच्या विद्युदग्रांसह, भारतातही विकले जात होते. येथे मात्र ती सोय उघडली सप्टेंबर २०१९ मध्ये. हृदय दोन्हीकडे एकच. फरक होता तो मंजुरीचा.

आपण कचेरीतील माणसे. मंजुरीवाचून वस्तू वापरू नये, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. पण प्राणवायूच्या बाबतीत झाले ते निराळेच. २०२० च्या सप्टेंबरात अ‍ॅपलने ही सोय दिली ती 'वैद्यकीय उपयोगासाठी नव्हे, केवळ सर्वसाधारण स्वास्थ्यासाठी' अशा शब्दांत. प्रकरण निकाली निघाले नाही. त्याचे लेखाशीर्ष बदलले! त्यानंतरचे कुलूप तर औषध प्रशासनाचे नव्हतेच. मासिमो या कंपनीच्या एकस्वाधिकाराचा भंग झाल्याचा निर्णय अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दिला, तेव्हा जानेवारी २०२४ पासून त्या देशात विकावयाच्या नव्या घड्याळांतील हा डोळा मिटविण्यात आला. इतर देशांत तो उघडाच राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये हिशेब घड्याळाऐवजी फोनमध्ये करण्याची तोड काढून तो तेथे पुन्हा उघडला.

या दोन कुलपांत भेद केला पाहिजे. पहिले कुलूप नेहमीच वाईट असते असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात घटला असताही ऑक्सिमीटर तो पुरेसा असल्याचे सांगतो, आणि ही चूक गोऱ्या रुग्णांच्या मानाने जवळजवळ तिप्पट वेळा घडते. सावळ्या कातडीच्या आपल्या देशाला ही गोष्ट कशी विसरता येईल? खोटा दिलासा मौनाहून घातक असतो. भारतानेही १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आणली, ती अशाच चिंतेपोटी. यासाठी विलंब झाला तर तो सोसावा.

दुसरे कुलूप मात्र रुग्णासाठी नसते. ते दोन व्यापाऱ्यांच्या भांडणाचे असते, किंवा उद्याच्या विक्रीसाठी आज हातचे राखून ठेवण्याचे. शोधकाला त्याचे मोल मिळालेच पाहिजे. पण ज्याच्या नाडीवर हा सारा व्यवहार उभा आहे, त्याला निदान आपल्या मनगटावर काय बांधले आहे, त्यातले काय मिटले आहे आणि कोणाच्या आज्ञेने, हे खोक्यावर स्वच्छ अक्षरांत वाचावयास मिळू नये काय? कचेरीत प्रलंबित प्रकरणाचे कारण टिपणीत लिहावे लागते. तेवढी टिपणी आपण कारखानदाराकडे मागितली, तर त्यात अवाजवी काही नाही.

काकांच्या मनगटावर ते घड्याळ अजून आहे. काकूंनी मात्र त्यानंतर एक ऑक्सिमीटर विकत आणून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला आहे. त्याची घडीव किंमत थोडी, पण जे येते ते तो सांगतो.