जमिनीवर उतरायला शिकताना

परभणी जिल्ह्यात विमानतळ नाही. जवळचा म्हणजे नांदेडचा. तरीही विमान उतरताना का कोसळते, हे शाळेच्या व्हरांड्यात पाहता येते. कागदाचे विमान घ्या आणि नाक बरेच वर करून सोडा. ते थोडे चढते, मंदावते, थबकते आणि नाक खाली टाकून घसरते. हे उंचावर झाले तर वेग घेऊन ते पुन्हा तरंगू लागते. गुडघ्याइतक्या उंचीवर झाले तर सरळ फरशीवर आपटते.

असे का होते? पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला, की हवेचा प्रवाह पंखाच्या वरच्या बाजूपासून सुटतो. विमानाला उचलून धरणारे बल एकदम घटते. याला 'स्टॉल' म्हणतात. इंजिन चालू असतानाही तो होऊ शकतो. विमान खाली जाऊ लागले की नवखा माणूस घाबरून नाक आणखी वर करतो. वास्तविक करायचे असते ते उलट: नाक खाली करून वेग मिळवायचा. पण जमीन जवळ असेल तर त्यासाठी उंचीच उरलेली नसते.

ही गोष्ट माणसाला महागात पडली आहे. जर्मनीच्या ओटो लिलिएन्टालने ग्लायडरमधून सुमारे दोन हजार उड्डाणे केली होती. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याचे ग्लायडर असेच थबकून सुमारे १५ मीटरवरून कोसळले आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्याला शिकवणारे कोणी नव्हतेच.

पहिल्या महायुद्धात शिकवणारे होते, पण पद्धत नव्हती. आघाडीवरून थकून आलेले वैमानिक प्रशिक्षक होत. पुष्कळदा ते नियंत्रणे विद्यार्थ्याच्या हाती देतच नसत. ब्रिटिश वैमानिक रॉबर्ट स्मिथ-बॅरी याचे १९१४ मध्ये अपघातात दोन्ही पाय मोडले होते. पुढे तुकडीप्रमुख म्हणून त्याने अर्धेकच्चे शिकलेले तरुण आपल्याकडे येताना आणि मरताना पाहिले. त्याने वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, तेव्हा त्यालाच गॉस्पोर्ट येथे शिकवण्याची जबाबदारी मिळाली.

१९१७ मध्ये त्याने तेथे घडवलेली पद्धत आपल्याला शिक्षक म्हणून विचार करायला लावते. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून वैमानिकाच्या आसनावर बसे. नियंत्रणे दुहेरी असत आणि प्रशिक्षक एका नळीतून त्याच्याशी बोले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विद्यार्थ्याला धोक्यापासून दूर ठेवले जात नसे. पुरेशा उंचीवर विमान मुद्दाम स्टॉलमध्ये नेऊन त्यातून बाहेर कसे पडायचे, हे त्याच्याच हातून करवून घेतले जाई.

ही रीत जगभर पसरली. मुंबईत १९२८ मध्ये फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जुहूच्या मैदानावरून दोन आसनांची मॉथ विमाने उडू लागली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो याच क्लबात शिकून.

उतरण्याचा धडा मात्र आजही सर्वांत अवघड आहे. प्रशिक्षणाचे लहान विमान ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे येते. वेग २० टक्के जास्त राहिला तर गतिज ऊर्जा ४४ टक्के जास्त असते. मग विमान धावपट्टीवर तरंगत राहते किंवा चाके टेकताच उसळते. उसळल्यावर घाईने नाक खाली दाबले तर पुढचे चाक आपटून मोडते. अशा वेळी इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जावे आणि नव्याने उतरावे, असे शिकवतात.

पण दोष नेहमी शिकणाऱ्याचाच नसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने कोसळली. तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षणच थांबवले. विमानाची देखभाल, प्रशिक्षक, हवामान, यांतले काहीही कारण असू शकते. म्हणून चौकशी या सर्वांची करावी लागते.

वर्गात मुलाचे गणित चुकते तेव्हा आपण काय करतो? उत्तर खोडून बरोबर उत्तर लिहून देतो, की ती चूक पुन्हा, सावकाश, आपल्यासमोर करायला लावून तिच्यातून बाहेर पडण्याची वाट त्यालाच शोधू देतो? वर्गात त्यासाठी भरपूर उंची असते. परीक्षेत ती नसते.