हजेरीपटावरचा फुटबॉल

वसई पोर्तुगिजांच्या हातून गेली १७३९ साली. फुटबॉलचे नियम लंडनमध्ये पहिल्यांदा कागदावर आले १८६३ साली. मधल्या सव्वाशे वर्षांचं हे अंतर लक्षात ठेवण्याजोगं आहे, कारण गोव्यात फुटबॉल एवढा का रुजला असं विचारलं की एक उत्तर जिभेवर तयार असतं: पोर्तुगीज आले, चर्च आलं, त्यामागून फुटबॉल आला. हे उत्तर पारखून घ्यायला वसईच्या किनारपट्टीसारखी जागा नाही. वटार, नंदाखाल, निर्मळ, आगाशी या गावांत दोनशे वर्षं पोर्तुगीज अंमल होता. नंदाखालचं चर्च सोळाव्या शतकातलं. गावोगाव जुनी ख्रिस्ती वस्ती, चर्चच्या शाळा, शाळांना मैदानं. शिवाय १८१८ नंतर हा मुलूख इंग्रजांचा झाला आणि फुटबॉल मुळात इंग्रजांचाच. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप मुंबईत, १९०२ ची हारवूड लीग मुंबईत, आणि आगगाडी थेट विरारपर्यंत. धर्म आणि राजवट यांतून फुटबॉल उगवत असता, तर वसईत एखादा व्यावसायिक संघ गोव्याच्या आधी उभा राहायला हवा होता. तो राहिला नाही. गोव्यात मात्र साळगावकर आणि धेंपो उभे राहिले आणि चाळीस-पन्नास वर्षं एकमेकांना भिडत राहिले.

गोव्यातही पोर्तुगिजांनी फुटबॉल आणला हे म्हणणं तितकंसं टिकत नाही. तिथे सांगितली जाणारी हकिकत अशी, की विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या ब्रिटिश पाद्रीने १८८३ साली शिवोलीत पोरांना हा खेळ शिकवला. म्हणजे चेंडू आला तोही इंग्रजांच्या बाजूने. पण चेंडू येणं वेगळं आणि त्यावर माणसांची पोटं चालणं वेगळं. पहिली गोष्ट पाद्रीने केली. दुसरी केली लोखंडाच्या खनिजाने.

साळगावकर क्लबची स्थापना १९५६ ची, म्हणजे गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता तेव्हाची. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवं होतं, गोव्याच्या डोंगरांत ते होतं, आणि वासुदेव साळगावकरांसारखे खाणवाले ते मुरगाव बंदरातून पाठवत होते. क्लबचं गाव त्यामुळे साहजिकच वास्को, बंदराच्या कुशीतलं. धेंपोचं मूळ आणखी बोलकं आहे. तो संघ जन्मला डिचोलीत, ‘क्लुब देस्पोर्तिव्हो द बिचोली’ या नावाने, आणि १९६८ च्या सुमारास धेंपो उद्योगसमूहाने तो आपल्याकडे घेतला. डिचोली हा खाणींचा तालुका. डिचोलीतून मांडवीच्या बाजूने बार्ज निघायचा, मुरगावला पोचायचा आणि तिथे माल जहाजात चढायचा. दोन क्लबांची मुळं शोधत गेलं तर हीच वाट लागते: एक खाणीच्या तोंडाशी, दुसरा धक्क्यावर.

दोन्ही घराणी हिंदू. मैदानावरची नावं मात्र दोन्हीकडची. साळगावकरच्या गोलमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर, पुढे भारताचे कर्णधार. त्याच क्लबची आघाडी नंतर ब्रूनो कुतिन्होने सांभाळली. धेंपोच्या बचावात समीर नाईक आणि महेश गवळी, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, आणि बाकाजवळ प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. चर्चच्या अंगणातला खेळ म्हणून या फुटबॉलकडे पाहणाऱ्याने ही नावं एकदा शेजारी शेजारी लिहून पाहावीत. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट चर्चही नव्हती आणि देऊळही नव्हतं. खेळाडूला नोकरी देऊ शकणारी, त्याला सरावासाठी सुट्टी देऊ शकणारी आणि हंगाम संपला तरी महिन्याच्या महिन्याला पैसे देऊ शकणारी कंपनी, ही ती गोष्ट.

हंगामाच्या तोंडावर या दोन संघांची तुलना करणं हा गोव्यातला जुना रिवाज. पावसाळा ओसरत आला की स्थानिक लीगच्या गप्पा सुरू व्हायच्या: कोण कुठून कुठे गेला, नवा परदेशी स्ट्रायकर कसा आहे, गोलरक्षक म्हातारा झाला का. क्लायमॅक्स लॉरेन्स साळगावकरमधून निघाला आणि कोलकात्याच्या ईस्ट बंगालमार्गे धेंपोत पोचला, अशा बातम्यांवर महिनाभर पैजा लागाव्यात. वरवर ही खेळाडूंची तुलना. नीट पाहिलं तर दोन कंपन्यांच्या हजेरीपटांची तुलना. आणि गंमत अशी, की ही तुलना ज्यांत छापून यायची ती पत्रंही खाणवाल्यांचीच. ‘नवप्रभा’ धेंपोंचं, ‘गोमंतक’ चौगुल्यांचं, पुढे साळगावकरांनी ‘सुनापरान्त’ हे कोकणी दैनिक चालवलं. वाचक, वार्ताहर, संघ आणि मालक असे सगळे एकाच लाल धुळीत. तरीही ही चुरस खोटी नव्हती. दोन मालकांतली ईर्षा खरी असते आणि स्टँडमध्ये बसलेल्या माणसाचा घसा तर त्याहून खरा.

आता या तुलनेचा अंदाज म्हणून किती उपयोग व्हायचा ते पाहू. २००४ च्या डिसेंबरात फेडरेशन कपचा अंतिम सामना बंगळूरमध्ये झाला. धेंपोने मोहन बागानला २-० हरवलं. दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरचे, आणि दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी झालेल्या टकरीनंतर तो मैदानावरच कोसळला आणि गेला. हा हंगामाच्या सुरुवातीचा कप. सर्वांत धारदार माणूस गमावलेल्या संघाबद्दल त्या आठवड्यात कोणी काय लिहिणार? धेंपोने त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली आणि त्याच हंगामात राष्ट्रीय लीग जिंकली. पुढे २००७-०८ मध्ये राष्ट्रीय लीगच्या जागी आय-लीग सुरू झाली. पहिल्याच वर्षी धेंपो विजेता आणि साळगावकर खालच्या श्रेणीत. हे तेच साळगावकर, ज्यांनी १९९८-९९ मध्ये गोव्याला पहिली राष्ट्रीय लीग मिळवून दिली होती. एक हंगाम खाली काढून ते वर परतले, आणि २०१० च्या हंगामारंभी धेंपो गतविजेता, साळगावकर जेमतेम वर्षभर जुना परतलेला, अशी अवस्था होती. तराजू कुठे झुकलाय हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. हंगाम संपला तेव्हा करीम बेंचेरिफाच्या हाताखाली साळगावकर विजेते झाले होते. धेंपोच्या रँटी मार्टिन्सने लीगमध्ये सर्वाधिक गोल केले, शेवटी शेवटी मुंबईच्या एअर इंडियाला धेंपोने १४-० असं लोळवलं, आणि तरी विजेतेपद बंदराकडे गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा धेंपो.

इथे एक आक्षेप सरळ उभा राहतो. पैसा हेच कारण असेल, तर नुकताच वर आलेला संघ गतविजेत्याच्या डोक्यावरून कसा जातो? उत्तर असं, की पैसा जिंकवत नव्हता, पैसा भेट घडवत होता. कोण जिंकेल हे करीमच्या डावपेचांवर, एखाद्या घसरलेल्या टॅकलवर, चिखलात अडकलेल्या चेंडूवर ठरायचं. पण त्या दोघांची गाठ देशातल्या सर्वांत वरच्या पायरीवर पडणार की नाही, खालच्या श्रेणीतला संघ एका वर्षात माणसं गोळा करून परत वर येणार की तिथेच विरणार, हे मैदानाबाहेर ठरत होतं. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंतच्या सहाही आय-लीग गोव्याच्या संघांनी जिंकल्या: तीन धेंपोने, दोन चर्चिल ब्रदर्सने, एक साळगावकरने. चीनला हलक्या प्रतीचं खनिजही चालत होतं आणि गोव्याची निर्यात कधी नव्हती एवढी वाढली होती, तीही याच काळात. चर्चिलचा पैसा मुळात खाणीचा नव्हता, हे खरं. पण खाणीच्या पैशाने खेळाडूचा बाजारभाव जिथे नेऊन ठेवला, तिथे टिकायचं तर त्यालाही तेवढाच खिसा मोकळा करावा लागला.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे आणि तो मला पूर्ण उडवून लावता येत नाही. धेंपोंनी आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेझा गोवा या कंपनीला विकला, आणि त्यानंतरही ते दोनदा लीग जिंकले. मग खाणीचा संबंध कुठे राहिला? इथे मला एवढंच म्हणता येतं, की विकलेल्या खाणीचा पैसा काही लगेच वाळत नाही, आणि चाळीस वर्षांची सवय तर त्याहून सावकाश सुटते. शिवाय खाणी ही फक्त मालकाची मिळकत नव्हती. ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळी, बँका असं अख्खं राज्य त्यावर उभं होतं, आणि जाहिरातदार आणि प्रेक्षक त्याच राज्यातले होते. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. चर्चिलचं २०१२-१३ चं विजेतेपद हे गोव्याच्या क्लबने मिळवलेलं आय-लीगचं शेवटचं ठरलं नसतं, तर हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण चर्चिलला त्यानंतर एकदाही देशाचा लीग-विजेता होता आलेलं नाही, आणि धेंपो २०१४-१५ मध्ये खाली घसरला.

आता वसईकडे वळू. इथल्या वाड्यांत केळी, पानवेल, फुलं, भाजी. बावखलातून, म्हणजे तळ्यातून, किंवा विहिरीतून पाणी काढायचं, पूर्वी रहाटाने, मग इंजिनाने, आणि ते रोज. सुकेळीचंच घ्या. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, कडक उन्हात दिवसचे दिवस वाळवायची, रात्री दव लागू नये म्हणून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची, शेवटी पानात घट्ट बांधायची. घरातलं प्रत्येक माणूस त्यात गुंतलेलं. ही श्रीमंती आहे, पण अंगणा-अंगणात वाटलेली; बावीस जणांना पगारावर ठेवून त्यांना वर्षभर चेंडूमागे पळू द्यावं अशी एकहाती रक्कम त्यातून साठत नाही. ज्याला वाडीबाहेर पडायचं त्याच्यासाठी विरारची लोकल होती, आणि मुंबईत रेल्वे, बँका, गिरण्या यांचे संघही होते. पण ते संघ मुंबईचे. वसईचा खेळाडू तिथे मुंबईकर म्हणूनच मोजला जाणार.

इथे कोणी म्हणेल, मुंबईजवळ असणं हीच वसईची अडचण होती, खाणीचा यात काय संबंध? पण मुंबईची गोष्टही त्याच धाग्याने विणलेली आहे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. प्रशिक्षक डेरिक परेरा, मूळचा साळगावकरचा. २०१० मध्ये कंपनीने ठरवलं आणि संघ संपला. पुढच्याच वर्षी पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी गिरणीने आपला संघ बंद केला, देशातल्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. गाव मोठं की लहान, ख्रिस्ती की शीख, याने काही फरक पडला नाही. मालकाच्या टेबलावर एक कागद सही होऊन आला.

साळगावकर आणि धेंपो यांचा कागद २०१६ चा, आणि त्यावर कारण म्हणून खाणी लिहिलेल्या नव्हत्या. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नवी रचना मांडली होती, तिच्यात इंडियन सुपर लीग वर आणि आय-लीग खाली, आणि वर जायची दारं बंद. या अन्यायाविरुद्ध साळगावकर आणि गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब यांनी आय-लीग सोडली, मागोमाग धेंपोनेही. महासंघावरचा राग रास्त होता. पण तोच राग दहा वर्षांपूर्वी आला असता तर खिशाने तो सोसला असता का, असा प्रश्न उरतोच. आणि एक विसंगती नजरेआड करता येत नाही: ज्या सुपर लीगने त्यांची वाट अडवली, तिच्यातल्या एफसी गोवाच्या २०१४ मधल्या पहिल्या मालकांत साळगावकर आणि धेंपो या दोन्ही घराण्यांतली माणसं होती. अर्धशतक समोरासमोर उभे असलेले दोघे एकाच संघाच्या एकाच बाजूला आले, तेव्हा हंगामाच्या सुरुवातीला तुलना कशाची करायची?

धेंपोने त्या २०१६ मध्येच आय-लीगची दुसरी श्रेणी जिंकून वर यायचा हक्क मिळवला होता. तो वापरला नाही. २०२४-२५ च्या हंगामात, पुन्हा खालून खेळत वर येऊन, धेंपो आय-लीगच्या यादीत दिसला. साळगावकर त्या यादीत नव्हता.