पाच सूर, अठ्ठ्याऐंशी पट्ट्या

पियानो हे चीनच्या दृष्टीने परकं वाद्य, हे आपण आधी मान्य करू. १९२७ साली शांघायमध्ये राष्ट्रीय संगीत विद्यालय निघालं आणि तिथे युरोपीय पद्धतीने पियानो शिकवला जाऊ लागला. मग प्रश्न उभा राहिला : या पट्ट्यांवर आपलं काही वाजेल का?

१९३४ साली अलेक्झांडर चेरेप्निन या रशियन संगीतकाराने शांघायमध्ये स्पर्धा ठेवली. अट एवढीच, की पियानोची रचना चिनी स्वभावाची हवी. पहिलं बक्षीस मिळालं हे लूटिंग या विद्यार्थ्याच्या ‘गुराख्याची बासरी’ या छोट्या रचनेला.

आता, ‘चिनी स्वभाव’ म्हणजे काय? पाच सुरांची सप्तकं, असं चटकन उत्तर येतं. पण त्यातलं ‘गोंग’ हे सप्तक म्हणजे आपल्या भूपाचेच सूर की! मूर्च्छना बदलत गेलो, तर त्याच पाच सुरांतून दुर्गा निघतो, मालकंसही निघतो. म्हणजे नुसत्या सुरांनी काही चिनी ठरत नाही. राग जसा चलनात असतो, तसंच हेही. हे लूटिंग यांनी नेमकं हेच ओळखलं. डाव्या हाताला जाडजूड पाश्चात्त्य स्वरसंघात न देता त्यांनी दोन्ही हातांना स्वतंत्र धून दिली. दोन बासऱ्या एकमेकींशी बोलताहेत, असं ते ऐकू येतं. दोन धुनी एकत्र गुंफण्याचं तंत्र युरोपचं, बोलणं मात्र चिनी.

अडचण होती मींडेची. दोन तारांच्या अरहूवर सूर घसरत जातो, पियानोवर तसं होत नाही. आपल्याकडे हार्मोनियमवर हाच आक्षेप होता. १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदीही घातली. चिनी रचनाकारांनी कणस्वरांनी मींडेचा भास निर्माण केला आणि एकच सूर भराभर वाजवून पिपा या तंतुवाद्याची आठवण करून दिली.

पुढे सांस्कृतिक क्रांती आली. पियानो ‘बूर्झ्वा’ ठरला. १९६७ साली यिन चेंगझोंग या वादकाने पियानो थेट तिआनानमेन चौकात नेऊन लोकांसमोर वाजवला. वाद्य वाचवायचं तर ते जनतेचं आहे हे दाखवणं भाग होतं. शियान शिंगहाय यांच्या १९३९ सालच्या समूहगायनाच्या रचनेवरून काही जणांनी मिळून ‘पीत नदी’ कन्चेर्टो रचला. १९७० साली तो यिन यांनीच वाजवला. त्याच्या शेवटी माओस्तुतीची धून येते. सुओना या सनईच्या भावंडावरची पक्ष्यांच्या किलबिलीची धून वांग जियानझोंग यांनी १९७३ साली पियानोवर आणली, तीही याच काळात.

आणि हे लूटिंग? १९६८ साली दूरचित्रवाणीवर त्यांची जाहीर झडती झाली. आरोप खोटे आहेत, हे त्यांनी तिथेच ठणकावून सांगितलं. त्यांना तुरुंगवास भोगावा लागला.

इथे आपण थांबून विचार करू. १९३४ ची रचना एका मोकळ्या प्रश्नाचं उत्तर होती. १९७० च्या आसपासच्या रचना सक्तीतून जन्मल्या, पण म्हणून त्या सगळ्या खोट्या ठरतात का? आम्हाला तसं वाटत नाही. त्या रचणाऱ्यांचे कान शाबूत होते. मात्र ‘राष्ट्रीय’ म्हणजे काय हे कान ठरवतो की सत्ता, हा फरक विसरून चालणार नाही. सत्तेला तयार उत्तर हवं असतं. हे लूटिंग यांनी ते दोन बासऱ्यांमध्ये शोधलं होतं, आणि चीनमधली मुलं ती रचना आजही वाजवतात.