आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

मंडळी, श्रीमंतांचा कर कमी केला की ते धंद्यात पैसा घालतात, रोजगार वाढतो आणि तो पैसा झिरपत झिरपत गरिबापर्यंत पोचतो, असा एक सिद्धान्त आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात त्याची चक्क परीक्षाच झाली.

२०१२ साली गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ६.४५ टक्क्यांवरून ४.९ वर आणण्याच्या कायद्यावर सही केली. भागीदारीतल्या आणि खाजगी धंद्यांच्या मालकांना तर नफ्यावरचा राज्याचा कर पूर्ण माफ! सल्लागार होते आर्थर लॅफर, रेगन यांच्या काळापासूनचे या विचाराचे पुरस्कर्ते.

निकाल काय लागला? वर्षभरात तिजोरीत सुमारे ७० कोटी डॉलर कमी आले. रोजगाराची अपेक्षित भरभराट काही दिसली नाही. रस्त्यांचा निधी दुसरीकडे वळवावा लागला. २०१५ साली काही शाळांनी पैशाअभावी वर्ष ठरल्याआधीच गुंडाळलं. त्याच वर्षी विक्रीकर ६.१५ वरून ६.५ टक्के झाला, आणि तो किराणा मालावरही होता. म्हणजे वरच्याला माफी, आणि भरपाई गरिबाच्या पिशवीतून.

अखेर जून २०१७ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरांचा नकाराधिकार डावलून बहुतेक सवलती रद्द केल्या. तिथे बहुमत त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचं होतं, हे विशेष.

माझ्यातल्या मास्तराला शाळांचं जास्त लागतं. रस्ता पुढच्या वर्षी दुरुस्त होतो हो. पण पोरांचे बुडलेले दिवस कुठल्या अंदाजपत्रकात भरून निघतात?