सैतान: फिर्यादी की पिशाच?

अरबी-फारसी वाटेने मराठीत आलेला ‘सैतान’ हा शब्द व्रात्य पोरालाही सहज चिकटतो; परंतु त्याच्या हिब्रू मूळरूपाचा अर्थ केवळ ‘प्रतिपक्षी’ असा असून, बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथात तो परमेश्वराच्या दरबारी रुजू होणारा, मनुष्याच्या निष्ठेवर संशय घेणारा, जणू सरकारी फिर्यादीच आहे, आणि हुकमाबाहेर त्यास पाऊलही टाकता येत नाही. त्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनी त्यास ‘दियाबोलोस’, म्हणजे निंदक, ठरविले. नव्या करारात तो दुष्टांचा अधिपती झाला. येशू ज्यांना हाकलतो ती भुते मात्र निराळी. गोव्यात तर ग्रामरक्षक ‘देवचार’ ख्रिस्ती बोलीत सैतान ठरला, हा त्या बिचाऱ्यावर उघड अन्याय होय.